जपानी सवतीचा उन्हाळा

चैत लागला, की माझा हात आपोआप गोणपाटाकडे जातो. परवा तसंच झालं. सकाळची भांडी आवरली, बादलीत गोणपाट भिजवलं, पिळलं आणि ते तसंच ठिबकत परसात न्हाणीमागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. ज्याच्यावर ते पांघरायचं, ते तिथं आता नाही, हे तिथं गेल्यावर आठवलं. एवढी कशी मी बावळट! आता भिजवलंच आहे तर म्हणून रांजणावर टाकलं. दिवसभर रांजणातलं पाणी छान गार राहिलं. ते प्यायला मात्र घरात मी एकटी.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. टेंभुर्णीच्या बाजाराला गेलेली माणसं ऊन चढायच्या आत घर गाठतात. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, रानं उघडी पडतात, काळ्या मातीला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकावा. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर येतो आणि त्याचा वास झळांबरोबर घरात शिरतो. गच्चीवर कुरडया कडकडीत वाळतात. दुपारभर होले घुमतात आणि बाकी सगळं गाव दार लोटून पडून असतं. अशा मुलखात माझ्या नवऱ्यानं जपानचं झाड लावलं होतं. हसा खुशाल. गाव हसून हसून थकलं, आणि गावात मीही होतेच.

आमचे हे विजेच्या खात्यात लाइनमन होते. शेषराव त्यांचं नाव, पण कधी मंठ्याला, कधी घनसावंगीला, जिथं बदली होईल तिथं लोक ‘लाइनमन’च म्हणायचे. पावसाळ्याच्या तोंडावर तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायच्या, हे त्यांचं दरवर्षीचं काम. जेठ महिन्यात घरी यायचे तेव्हा सदऱ्याला चीक, केसांत पानं, अंगाला सगळ्या झाडांचा मिळून एक हिरवा वास. लोक शिव्या द्यायचे. घनसावंगीत एका बाईच्या दारातला शिरीष ऐन फुलात होता, तो ह्यांनी तोडला, तर ती म्हणाली, “तुह्या दारात कंदी फूल न्हाई यायचं!” घरी येऊन हे मला ती गोष्ट हसत हसत सांगत होते. पण त्या दिवशी जेवण नीट गेलं नाही त्यांना. मी ताट उचललं तेव्हा अर्धी भाकरी तशीच होती.

रिटायर झाले आणि आम्ही गावी येऊन राहिलो. आमच्या सुनीनं, म्हणजे मुलीनं, नाशिकहून त्यांना मोठा मोबाइल पाठवला. मग काय, दिवसभर बाजेवर पडून व्हिडिओ. एका दुपारी मी पापड लाटत होते तर आतून हाक आली, “अगं, जल्दी ये इकडं! पीठ राहू दे!” मला वाटलं, कोण गेलं की काय. जाऊन बघते तर पडद्यावर एक झाड. फांदीफांदीवर गुलाबी फुलं, सगळी आभाळाकडे तोंड करून बसलेली, चार-चार पाकळ्यांची, जणू कुणी हातानं मांडून ठेवली.

“जपानचं हाय. डॉगवूड म्हणतेत त्याला.”

“डॉग म्हंजे कुत्रं ना? कुत्र्याचं लाकूड?”

“तुला कायबी सांगायची सोय न्हाई. हे पाह्य, हे गुलाबी दिसून राह्यलं ना, हे फूल न्हाई. पानंच हायेत, रंगलेली. फूल मधी असतंय, बारीक.”

“मंग आपल्या फाटकावरच्या बोगनवेलीनं काय घोडं मारलं? तिचं बी तसंच असतंय.”

त्यांचे डोळे पडद्यावरच. नुसते बघत राहिले. माणूस आपल्या नातवाचा फोटो बघतो ना, तसे. मी पीठ लागलेल्या हातानं तिथंच उभी, आणि मला उगाच राग आला.

डोंगराकडच्या कुठल्याशा रोपवाटिकेतून त्यांनी ते मागवलं. खोक्यात शेवाळात गुंडाळून आलं. हातभर काडी आणि चार पानं. त्यासाठी न्हाणीमागचा कोपरा निवडला, कारण दुपारनंतर तिथं भिंतीची सावली येते. काळी माती खणून बाहेर टाकली, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्यांचा भुसा असलं काय काय भरलं. ह्या झाडाला म्हणे आंबट माती लागते आणि आपल्या जमिनीत चुना लई. मग रोज सकाळी पातळ ताक, उरलेला चहाचा चोथा, पिळलेल्या लिंबाच्या साली, सगळं त्या कोपऱ्यात. माझ्या स्वयंपाकघरातलं आंबट म्हणून काही शिल्लक राहीना.

एकदा मी चुलीतली राख नेऊन त्याच्या बुडाशी टाकली. वाईट मनानं नाही हो, आमच्याकडे वांग्याला, दोडक्याला, सगळ्याला राख टाकतात, किडा लागत नाही. पण हे ते बघून असे ओरडले की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. “राख? राख टाकली व्हय तू? ईख टाकलं असतंस तं बरं व्हतं! राखंत बी चुनाच असतोय! जळंल ना ते!” गुडघ्यावर बसून त्यांनी बोटांनी ती राख गोळा केली आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं. मला कधी ताप आला तर ह्या माणसानं कपाळावर पट्टी ठेवलेली मला आठवत नाही. त्या दिवसापासून मी त्या झाडाला सवत म्हणायला लागले. ‘चला जेवायला, सवत काय पळून जात न्हाई,’ असं मी म्हणायची आणि ते खरंच खूश व्हायचे.

सवत काही वाढेना. उन्हाळ्यात पानांच्या कडा निखाऱ्यावर भाजलेल्या पापडासारख्या करपायच्या. त्याच्यासाठी वरती हिरवी जाळी, बाजूला ओली गोणपाटं. हिवाळ्यात तर सगळी पानं गळून नुसती काडी उरायची. येणारा-जाणारा म्हणायचा, “लाइनमन, मेली की तुमची काडी!” हे नखानं सालीला हळूच खरवडायचे, आत हिरवं दिसलं की म्हणायचे, “जित्ती हाय.” असे किती उन्हाळे, किती हिवाळे गेले. मला वाटायचं, कंटाळतील. पण विजेच्या खांबावर उन्हात उभं राहून आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला कंटाळा माहीत नव्हता.

मग गेल्या वर्षीच्या आधीची दिवाळी झाली आणि एका सकाळी त्यांनी मला हात धरून परसात नेलं. हात धरून! शेंड्याला दोन कळ्या होत्या. नेहमीच्या टोकदार कोंबासारख्या नाही, गोल, हरभऱ्याएवढ्या. दाखवताना ह्यांनी बोट वाकडं केलं होतं. आमच्याकडे काकडीच्या, भोपळ्याच्या कळीला सरळ बोट दाखवत नाहीत, दाखवलं तर कळी कुजते म्हणतात. असल्या गोष्टींवरून मला आयुष्यभर चिडवणारा माणूस स्वतः वाकडं बोट करून उभा होता.

“आता हिला थंडी पाह्यजे. थंडी न्हाई लागली तं कळी उघडत न्हाई.”

आमच्याकडची थंडी ती केवढी! मग ह्यांनी काय करावं? पौषात, जेव्हा सगळं गाव शेकोटीला बसलेलं, तेव्हा हे जालन्याला जाऊन बर्फाची लादी आणायला लागले. भुसा घातलेल्या गोणीत लादी, गोणी मांडीवर, आणि भाड्याच्या जीपमधली माणसं दोन्हीकडून ओली होऊन बोंबलतायत. “लाइनमन, पौषात रसवंती टाकली का?” हे घरी येऊन तिचे तुकडे करायचे आणि झाडाभोवती रचायचे. हात लाल-लाल व्हायचे. मी एकदा ते हात माझ्या पदरात धरून चोळले आणि चिडून विचारलं, हे सगळं कशापायी.

“एकदा फुललेलं पाह्यचं हाय गं. माझ्या दारात. मंग न्हाई कायबी मागणार.”

शिवरात्रीच्या आधी एका सकाळी ते चहाचा कप घेऊन झाडापाशी जाऊन बसले. काडीला नुकतेच हिरवे कोंब दिसत होते, आणि त्या दोन कळ्या आता बोराच्या बीएवढ्या झाल्या होत्या. मी आतून विचारलं, साखर पुरे का. उत्तर आलं नाही. बाहेर गेले तर भिंतीला टेकून बसलेले, कप शेजारी सरळ ठेवलेला, एक थेंब सांडला नव्हता. गावातली तीच भाड्याची जीप काढली, जालन्याच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो, पण त्या धावपळीला काही अर्थ नव्हता, हे मला परसातच कळलं होतं. मी ते कोणाला बोलले नाही. जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं राख सावडून आली. अस्थी गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला न्यायच्या ठरल्या, आणि राख झाडाला. हल्ली आमच्याकडे बरेच जण असंच करतात. नदीत राख न टाकता शेतात, झाडाच्या बुडाशी घालतात. चांगलीच रीत आहे, मलाही आवडते. राखेचं गाडगं ह्यांच्या मोठ्या भावाच्या, माझ्या भासऱ्यांच्या हातात होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “शेषानं मला सांगितल्तं. दादा, मला नदीत नका घालू, माझ्या झाडापाशी घाला.” आणि ते न्हाणीमागं वळले.

आता हे समजून घ्या, की लग्न झाल्यापासून मी माझ्या भासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात नाहीच बोलत. ते आले की पदर पुढे, आणि निरोप दाराआडून, तोही दुसऱ्याच्या तोंडून. ‘त्यांना म्हणावं ताट वाढलंय.’ त्यांनीही कधी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पण त्या दिवशी ते गाडगं त्या काडीवर वाकलं आणि माझ्या कानात ह्यांचा ओरडा उठला. जळंल ना ते! आणि मी मागं बसलेल्या बायकांमधून उठले आणि बोलले.

“दादा, थांबा. राख नका घालू. जळंल ते.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी बोललंच, “अगं बाई! नवऱ्याची राख, अन् हिला झाडाचं पडलंय!” भासऱ्यांनी गाडगं छातीशी धरलं. सत्तरी पार केलेला माणूस, धाकट्या भावाला स्वतः सरणावर ठेवून आलेला. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “माय, त्याचा शब्द हाय. मी कसा मोडू?” आणि त्यांनी मूठमूठ करून ती राख बुडाशी घातली. वरून प्रत्येकानं तांब्याभर पाणी ओतलं. ते पाणी राख घेऊन खाली मुरत गेलं आणि मी बघत राहिले.

मला भासऱ्यांचा राग आला नाही. राग आला ह्यांचा. आजही येतो. मला ओरडायचं, पानं पुसायची, आणि स्वतःच भावाला सांगून ठेवायचं! मेल्यावर आपणही राखच होतो, हे ह्या माणसाच्या डोक्यात आलंच नसेल का? की त्या सवतीजवळ राहायचं एवढंच सुचलं असेल? आणि मी? मी कुठे होते त्या इच्छेत? असं वाटतं, आणि मग वाटून वाईट वाटतं.

सुतक फिटलं, पाहुणे गेले. सुनी म्हणाली, “आई, चल नाशकाला, इथं काय राह्यलंय?” मी म्हटलं, कळ्या उमलू दे, मग येते. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला काही झालं तर नाही ना. मला दुसरं काही नको होतं. जे त्यांना बघायचं होतं ते मी बघणार होते, एवढंच.

ती गेल्यावर मी खुरपं घेऊन बसले. वरची राखेची माती काढून टाकायची, असं मनाशी घट्ट ठरवलं होतं. दोन वेळा खुरपं घातलं आणि मातीत एक पांढरा तुकडा लागला. चिंचोक्याएवढा. सावडताना राहून गेलेला. तो तळहातावर घेतला आणि मग मला पुढे काही करता येईना. झाड वाचवायचं तर ह्यांना बाहेर काढायचं. काढून टाकायचं कुठं? उकिरड्यावर? मी तो तुकडा होता तिथं ठेवला, माती परत सारली आणि खुरपं धुऊन ठेवलं. मग तिथंच बसून पोटभर रडले. तेराव्याला नव्हते रडले, ते त्या दिवशी.

राहिलं ताक. राखेला उतारा म्हणून मी रोज पातळ आंबट ताक घालायला लागले. आणि काय सांगू, सवत तगली! चैतात पानं आली, लहान पण हिरवी. कळ्या फुगल्या. भासरे एक दिवसाआड संध्याकाळी यायचे, कोपऱ्यातल्या दगडावर बसायचे आणि झाडाकडे बघून विचारायचे, “फुटली का?” आता बोलणं सुरू झालंच होतं, तर मी आडून सांगायची, “अजून न्हाई, दादा.” एका सकाळी वरची कळी जराशी तडकली होती. आत गुलाबी. नखाच्या टोकाएवढं, पण गुलाबी. मी “अहो!” अशी हाक मारली. तोंडातून निघून गेली. मग तोंडावर हात दाबून किती वेळ उभी होते कोण जाणे.

त्यानंतर चार दिवसांत पानं कडेनं तांबडी पडायला लागली. वरून जाळी होती, गोणपाटं ओली होती, मला काही समजेना. खाली वाकून बघितलं तर मातीवर पांढरा थर. आणि त्यात जिरं. भाजून चुरलेलं जिरं.

शेजारच्या गयाबाईंकडे दोन म्हशी. मी त्या कोपऱ्यात रोज ताक ओतते हे त्यांनी कुंपणावरून पाहिलं, आणि त्यांना वाटलं, मी लाइनमनला ताक पाजते. त्यांनी गल्लीत सांगितलं. मी दुपारी डोळा लावला की एक एक बाई तांब्या घेऊन येत होती. मी विचारलं तेव्हा गयाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आता बाई, त्यांना मिठा-जिऱ्याबिगर ताक जात व्हतं का कंदी? फिक्कं कसं घालावं? आम्ही बराबर त्यांच्या चवीचं करून आणून राह्यलो.” काय बोलणार? मी त्यांचा हात धरला. हसू आलं आणि त्याच्या मागूनच रडू आलं. माझ्या नवऱ्यावर गावाची एवढी माया होती, हे मला त्या मिठानं कळलं.

घागरी ओतून मीठ धुवायला बघितलं. पण वैशाखाचं ऊन, विहिरीला पाणी कमी, आणि वरून वारा असा की भट्टीचं दार उघडावं. पानं गुंडाळली गेली. तडकलेल्या कळीला मी बोट लावलं आणि ती गळून हातात आली. दुसरी दोन दिवसांनी गेली. पावसाळ्यात काहीतरी फुटेल म्हणून मी ती काडी तशीच ठेवली, अधूनमधून नखानं खरवडायची. आत भुरं, कोरडं. दिवाळीच्या सुमारास वाळवी लागली आणि एका वाऱ्यात ती मोडून पडली. मी नाशकाला गेले नाही. का गेले नाही, हे सुनीला अजून सांगता आलेलं नाही.

भासरे मात्र येत राहिले. काडी होती तेव्हाही, मोडल्यावरही. त्याच दगडावर बसायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्याचं दोन शब्द बोलायचे आणि काठी टेकत जायचे. कळ्या गळल्यावर झाडाचं मात्र त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. मीही काढलं नाही.

परवा, ज्या सकाळी मी गोणपाट घेऊन तिथं उभी राहिले, त्याच संध्याकाळी ते आले. चहा तसाच ठेवला. बराच वेळ त्या रिकाम्या मातीकडे बघत होते. मग म्हणाले, “त्या दिशी तू थांब म्हणलीस. मी ऐकलं न्हाई. खरं सांग माय, माझ्यानंच जळलं ना ते?”

ऊन लई होतं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण ह्या माणसाशी बोललेला माझा पहिला शब्द खरा होता, आता खोटं कसं बोलू?

“राखंनं बी झालं, दादा. मिठानं बी, उन्हानं बी. वाईट कोनीच केलं न्हाई. पण गेलं ते.”

त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. काठी जवळ ओढली, उठायला लागले आणि दोन्ही हातांनी तिच्यावर भार देऊन तसेच अर्धे उठलेले थांबले.

“मंग आता मी कशाला यावं?” ते म्हणाले. मला विचारत होते की स्वतःला, कोण जाणे. “भाऊ न्हाई, त्याचं झाड न्हाई. भावजयीच्या दारात भासऱ्यानं बसून राह्यचं, हे बी काय बराबर दिसतंय का?”

गावात एवढी माणसं आहेत, पण शेषा म्हणून हाक मारणारं हे एकच तोंड उरलंय.

“या, दादा,” मी म्हणाले. “झाड न्हाई तं न्हाई. त्यांचं नाव काढायला मला दुसरं कोन हाय?”

ते पुन्हा दगडावर बसले. मी समोर उंबऱ्यावर बसले. मग त्यांनी लहानपणी शेषा विहिरीत पडला होता ती गोष्ट काढली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती मी पहिल्यांदाच ऐकत होते.